बंदूक, पडदा आणि परवाना

‘सफर’ हा शब्द मराठीला परका नाही. मूळचा अरबी असलेला हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि कायमचा राहिला. त्याच शब्दाची दुसरी शाखा अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली. तेथील स्वाहिली भाषेत तिने ‘सफारी’ हे रूप घेतले आणि पुढे इंग्रज शिकाऱ्यांच्या तोंडून ते जगभर पसरले. पुण्याचे किंवा डोंबिवलीचे एखादे जोडपे आज आफ्रिकेच्या सफारीला निघते, तेव्हा ते घरचाच शब्द, दूरचा वळसा घालून परत आलेला, वापरीत असते.

हे जोडपे जोहान्सबर्गला उतरते, क्रूगरच्या अरण्यात दोन-तीन रात्री काढते आणि सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा व बिबट्या या पाचांचे दर्शन घडले म्हणजे कृतार्थ होते. तेथून ते झांबेझी नदीवरचा व्हिक्टोरिया धबधबा पाहावयास जाते आणि अखेरीस केप टाऊनचा सपाट माथ्याचा डोंगर पाहून घरी परतते. या प्रवासाचा खर्च रुपयांत सांगता येतो, आणि तेवढा पैसा गाठीशी असला म्हणजे झाले, असेच पुष्कळांना वाटते. वस्तुतः हा साधा दिसणारा आनंद शक्य होण्यापूर्वी तीन दारे उघडावी लागली. रान हे मारण्यासाठी नसून पाहण्यासाठी आहे, ही जाणीव रुजणे, हे पहिले; ते बंदुकीचे दार. पतीच्या शेजारी पत्नीने उघड्या गाडीत बसून मोकळ्या रानात हिंडणे, हे दुसरे. ते पडद्याचे दार. आणि भारतीय माणसाला दक्षिण आफ्रिकेत पाहुणा म्हणून पाऊल टाकता येणे, हे तिसरे. ते परवान्याचे दार. ही तिन्ही दारे एकाच आयुष्यात बंद असलेली पाहावयाची असतील, तर आफ्रिकेपासून बरेच दूर, जयपूरजवळच्या कानोता या गावी जावे लागते.

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटरवर कानोता लागते. मारवाडातील पीलवा येथील चांपावत राठोड घराण्यातील तीन भाऊ एकोणिसाव्या शतकात जयपूर दरबारी मोठ्या पदांना पोहोचले आणि गोंदेर, नायला व कानोता अशी तीन ठिकाणी त्यांच्याकडे आली. कानोत्याचे संस्थापक जोरावरसिंह. त्यांचे नातू अमरसिंह यांचा जन्म १८७८ साली झाला. दहा वर्षांचे असताना त्यांना जोधपूरला सर प्रताप यांच्या हाताखाली धाडण्यात आले. तेथेच, ३ सप्टेंबर १८९८ रोजी, त्यांनी दैनंदिनी लिहावयास घेतली, आणि १९४२ साली मृत्यू येईपर्यंत चव्वेचाळीस वर्षे ती इंग्रजीतून लिहिली. एकोणनव्वद खंड, एकेका खंडाची सरासरी आठशे पाने, एवढा हा पसारा आहे. त्यांचे पुतणे मोहनसिंह यांनी तो जपला. १९७१ मध्ये सुझान व लॉईड रुडॉल्फ या अमेरिकन अभ्यासक दांपत्याच्या तो दृष्टीस पडला आणि १९०५ सालापर्यंतच्या भागातील निवडक उतारे २००० साली मोहनसिंहांच्या साहाय्याने ग्रंथरूपाने बाहेर आले. राजेरजवाड्यांच्या आठवणी पुष्कळ छापल्या गेल्या आहेत. परंतु त्या बहुधा उतारवयात, झाल्या गोष्टींना मुलामा देऊन लिहिलेल्या. अमरसिंहांच्या लिखाणाचे मोल यात आहे, की ते त्या त्या दिवशी, उद्या काय होणार हे ठाऊक नसताना लिहिले गेले.

प्रथम बंदुकीचे दार. जोधपूरच्या ज्या वातावरणात अमरसिंह वाढले, त्यात घोडा आणि शिकार यांवाचून पुरुषाचे शिक्षण पुरे होत नसे. सर प्रतापांचा विशेष शोक म्हणजे धावत्या घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे. त्यात शौर्य होते, कौशल्य होते आणि जिवाचा धोकाही होता. या शिकारीला सर प्रताप पौरुषाची शाळा मानीत, आणि त्यांच्या या शिष्यानेही शिकारीच्या दिवसांना आपल्या दैनंदिनीत भरपूर जागा दिली आहे. यात अमरसिंहांचे वेगळेपण काहीच नाही. त्या काळी लष्करी अधिकारी, संस्थानिक व सरदार या सर्वांचे रानाशी असलेले नाते हेच होते. ज्याच्याकडे अधिकार त्याच्याकडे शिकारीचा हक्क, आणि पाहुण्याचा सर्वांत मोठा सन्मान म्हणजे त्याच्यासाठी वाघाची हाकाटी. प्राणी नुसता पाहून परत येणे याला तेव्हा शिकार फसली असे म्हणत.

दुसरे दार याहून जड होते. १९०१ च्या सप्टेंबरात अमरसिंहांचा विवाह बिकानेर राज्यातील सातासर येथील कन्येशी झाला. हवेलीच्या त्या जगात पती-पत्नींचे दिवस दोन स्वतंत्र वाड्यांत जात. मर्दाना निराळा, जनाना निराळा. दिवसा एकमेकांशी बोलणे हा वडीलधाऱ्यांचा उपमर्द समजला जाई. भेट व्हावयाची ती रात्री, आणि तीही घरातील शेकडो डोळे चुकवून. ज्या रुढीला आपण पडदा म्हणतो, तिचा जाच केवळ स्त्रीलाच होत असे असे नाही, हे या दैनंदिनीतून फार स्पष्ट दिसते. आपल्याच घरात आपल्या पत्नीशी चार शब्द बोलण्यास पुरुषालाही चोरी होती. तथापि पुरुषाला दिवाणखाना होता, घोडा होता, छावणी होती, परदेश होता. स्त्रीला यातले काहीच नव्हते. पती चीनपर्यंत जाऊन आला होता. पत्नीला आगगाडीतून जातानाही कनातीच्या आडून डब्यात शिरावे लागे.

त्यांना थोडाफार मोकळा संसार लाभला तो महूच्या छावणीत. १९०५ पासून अमरसिंह तेथे जनरल क्रेआ यांच्या हाताखाली नोकरीस होते. होळकरांच्या माळव्यातील हे लष्करी ठाणे जयपूरच्या हवेलीपासून दूर, त्यामुळे सासर-माहेरच्या पहाऱ्यापासूनही दूर होते. बंगला स्वतःचा, चूल स्वतःची. पडदा तेथेही सुटला नाही. पण पती-पत्नींना एकमेकांची सोबत लाभली, ही त्या काळच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. दांपत्य म्हणून कोठे तरी केवळ मौजेसाठी जावे, ही कल्पना मात्र त्या जगात बसणारीच नव्हती. प्रवासाला कारण लागे: लग्न, मृत्यू, तीर्थयात्रा किंवा सरकारी हुकूम.

आता तिसरे दार. ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध पेटले. साम्राज्यावर संकट आलेले असताना हिंदुस्थानातील घोडदळ तिकडे धाडणे स्वाभाविक होते. परंतु हे गोऱ्यांचे आपसांतील युद्ध आहे, त्यात काळ्या माणसाने गोऱ्यावर शस्त्र उचलता कामा नये, असे इंग्लंडच्या सरकारचे धोरण होते. म्हणून हिंदी लढाऊ पलटणींना त्या रणांगणाचे दार बंद राहिले. नाताळमधील हिंदी लोकांना गांधीजींच्या पुढाकाराने त्या युद्धात भाग घेता आला, तो जखमींच्या डोल्या वाहण्यापुरता. त्या पथकात सुमारे अकराशे माणसे होती. जोधपूरच्या ज्या घोडदळात अमरसिंह अधिकारी होते, त्याला १९०० साली रवाना करण्यात आले ते चीनला, बॉक्सरांचे बंड मोडण्यासाठी. चिनी माणसावर राजपुताने शस्त्र उचलण्यास कोणाची हरकत नव्हती. अमरसिंहांनी पुढे फ्रान्स पाहिला, मेसोपोटेमिया पाहिला. सर्वत्र ते गेले ते गणवेश चढवून आणि दुसऱ्याच्या हुकमाने.

त्याच बोअर युद्धात दुसरा एक घोडदळातील अधिकारी दक्षिण आफ्रिकेत उतरला होता आणि योगायोग असा की, त्यालाही दैनंदिनी लिहिण्याची सवय होती. त्याचे नाव जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन. ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी १८९८ मध्ये, म्हणजे अमरसिंहांनी दैनंदिनीचे पहिले पान लिहिले त्याच वर्षी, साबी नदीच्या परिसरातील रान शिकारीला बंद केले होते. युद्ध संपताच १९०२ मध्ये त्या रानाचा रक्षक म्हणून हॅमिल्टनची नेमणूक झाली. त्याच्या हाती आलेले रान जवळजवळ रिकामे होते. हस्तिदंत व कातडी यांच्या व्यापाऱ्यांनी आणि हौशी शिकाऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या लुटले होते. त्यात १८९६-९७ च्या गुरांच्या साथीने रानरेड्यांचे कळप नाहीसे केले होते. हॅमिल्टनने चव्वेचाळीस वर्षे, १९४६ पर्यंत, ते रान राखले. १९२६ साली तेथे क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९२७ मध्ये पहिल्या वर्षी प्रवाशांच्या तीन मोटारी आत शिरल्या. आज त्या उद्यानाचा विस्तार सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जो अहिल्यानगर जिल्हा, तोही त्यात सहज मावेल.

हॅमिल्टन प्रारंभी स्वतः शिकारी होता. परंतु प्राण्यांची संख्या वाढवावयाची तर त्यांचा काही उपयोग लोकांना दिसला पाहिजे, हे त्याने ओळखले. आणि तो उपयोग त्याला प्रवाशांच्या पाहण्यात सापडला. मारलेला सिंह एकाच्या भिंतीवर जातो, जिवंत सिंह हजारांना दिसतो, असा हा हिशेब होता. १९३० साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने विवाह केला. त्याची पत्नी हिल्डा ही चित्रकार होती. ती त्या अरण्यातच नांदली. पती-पत्नींनी एकत्र राहून रान पाहावे, त्याचे चित्र काढावे, त्याची नोंद करावी, हे दृश्य तेथे असे साकार झाले. पण त्या दृश्यात कानोत्याच्या दांपत्याला जागा नव्हती. हिंदी माणसाला ट्रान्सवालमध्ये परवान्यावाचून फिरण्याची सोय नव्हती. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटमध्ये तर हिंदी लोकांच्या वस्तीला १८९१ पासून बंदी होती आणि ती १९८६ पर्यंत उठली नाही.

या मुलखात सन्मानाने हिंडलेला पहिला मोठा हिंदी पाहुणा महाराष्ट्राचा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केप टाऊनला उतरले. त्यांच्या दिमतीला सरकारने आगगाडीचा खास डबा दिला होता आणि ठिकठिकाणी त्यांचे सत्कार झाले. परंतु त्यांचा हा दौरा मौजेचा नव्हता. करारमुक्त मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर उठावा म्हणून रखरखीत प्रकृतीनिशी त्यांनी तो पार पाडला. त्यांना मिळालेला खास डबा हा अपवाद होता. त्या डब्याबाहेरच्या हिंदी माणसाला कोणत्या डब्यात बसावे लागते, हे त्यांच्याबरोबर हिंडणाऱ्या गांधीजींना पीटरमॅरिट्झबर्गच्या फलाटावर १८९३ सालीच कळले होते.

दारे उघडली ती एकदम नव्हे, आणि एका क्रमानेही नव्हे. जयपूरपुरते बोलावयाचे, तर पडद्याचे दार आधी किलकिले झाले, आणि त्याला लागलेला एक हात मराठी होता. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांनी १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. त्यांची कन्या इंदिराराजे हिने ग्वाल्हेरशी ठरलेला विवाह स्वतः पत्र लिहून मोडला आणि कुचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. इंदिराराजेंची कन्या गायत्रीदेवी १९४० मध्ये जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांची तिसरी राणी होऊन आल्या. बाराव्या वर्षी बिबट्या टिपलेली ही राजकन्या पडद्यात राहणे शक्यच नव्हते. १९४३ मध्ये त्यांनी जयपुरात मुलींची शाळा काढली. मानसिंहांच्या घोडदळाची उभारणी ज्यांनी केली ते अमरसिंह तेव्हा नुकतेच निवर्तले होते. मालकाची राणी उघड्या मोटारीतून पतीबरोबर रानात जाते, ही गोष्ट त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत पाहिली असणारच.

बंदूक मात्र अजून खाली ठेवली गेली नव्हती. १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि तिचा पती फिलिप हे जयपूरचे पाहुणे झाले. सवाई माधोपूरजवळच्या रणथंबोरच्या रानात त्यांच्यासाठी शिकारीची तयारी करण्यात आली आणि फिलिपने वाघ मारला. त्या गोळीचा प्रतिध्वनी पूर्वीसारखा कौतुकाचा उठला नाही. इंग्लंडमध्ये टीकेचा गदारोळ झाला. काळ बदलला होता. त्याच वर्षी जागतिक वन्यजीव निधीची स्थापना झाली आणि त्याच्या ब्रिटिश शाखेचा पहिला अध्यक्ष झाला तोही फिलिपच! १९७२ मध्ये भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पासाठी जी पहिली नऊ अरण्ये निवडली गेली, त्यांत आपल्या मेळघाटाबरोबर रणथंबोरही होते. राजांचे शिकारीचे रान प्रजेचे पाहण्याचे रान झाले. १९६१ च्या त्या शिकारीच्या व्यवस्थेत राबलेले तरुण अधिकारी फतेहसिंह राठोड हेच पुढे रणथंबोरच्या वाघांचे सर्वांत नावाजलेले रक्षक ठरले.

तिसरे दार सर्वांत शेवटी उघडले. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला; असे करणारा तो पहिला देश. त्यानंतर कित्येक दशके भारतीय पारपत्रावर ते दक्षिण आफ्रिकेसाठी ग्राह्य नाही असे छापलेले असे. म्हणजे पूर्वी जे दार तिकडून बंद होते, त्याला आता इकडूनही कडी घातली गेली; मात्र या कडीमागे अपमान नव्हता, स्वाभिमान होता. तिकडे क्रूगरच्या उद्यानातही रंगाची रेषा आखलेली होतीच. गोऱ्या प्रवाशांसाठी सोयीच्या छावण्या होत्या. गोरेतरांसाठी बालुले येथे निराळी, अगदी साधी छावणी होती. सिंहाला प्रेक्षकाचा रंग कळत नाही, पण प्रेक्षकांची यादी करणाऱ्याला तो कळत होता. १९९१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ कलकत्त्यात खेळला, १९९३ च्या नोव्हेंबरात दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये तेथे सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. मराठी जोडप्याला दक्षिण आफ्रिकेचे तिकीट काढून मौजेसाठी निघता येते, ही गोष्ट त्यानंतरची, म्हणजे जेमतेम एका पिढीची आहे.

येथे इतिहास संपला असता तर तो सुखान्त ठरला असता. परंतु आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. क्रूगर उद्यानाच्या मुख्य छावणीचे नाव स्कुकुझा. हे हॅमिल्टनला तेथील आफ्रिकी लोकांनी दिलेले नाव. त्याचा एक अर्थ झाडून साफ करणारा असा आहे. त्याने चोरटे शिकारी हाकलले, हे खरे. पण त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसेही बाहेर काढली, हेही तितकेच खरे. उद्यानाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या माकुलेके लोकांना १९६९ मध्ये जबरदस्तीने उठवण्यात आले. रणथंबोरच्या वाघांसाठीही १९७० च्या दशकात गावे हलली. मध्य प्रदेशातील कुनोच्या रानातून चोवीस गावे उठवली गेली, त्यांतले बहुसंख्य लोक सहरिया आदिवासी. ती गावे उठली गीरच्या सिंहांसाठी, परंतु सिंह आले नाहीत. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते तेथे उतरले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले. दक्षिण आफ्रिकेच्या रानाकडे जाणारी वाट आता उलट दिशेनेही चालू झाली आहे.

प्रवाशासाठी दार उघडताना ते रहिवाशासाठी लावले गेले, ही या सगळ्या व्यवहाराची दुसरी बाजू होय. ती दुरुस्त होऊच शकत नाही असे मात्र नाही. माकुलेके लोकांनी आपल्या जमिनीसाठी दावा लावला आणि १९९८ मध्ये ती परत मिळवली. विशेष असे की, त्यांनी तेथे शेते व घरे न करता रान रानच राहू दिले. पण आता त्या रानाचे मालक ते आहेत आणि तेथे येणाऱ्या प्रवाशांच्या पैशात त्यांचा वाटा आहे. सफारीला जाणाऱ्या जोडप्याने पाच प्राण्यांबरोबर ही सहावी गोष्टही पाहून यावी, एवढी तिची योग्यता खचित आहे.

कानोत्याच्या घराण्याच्या वास्तूंत आज देशोदेशींची जोडपी पाहुणी म्हणून उतरतात. वडिलांच्या नावाने जयपुरात बांधलेला अमरसिंहांचा नारायण निवास हॉटेल झाला आहे. ज्या घराण्यात पती-पत्नींना दिवसा एकमेकांशी बोलण्याची चोरी होती, त्याच घराण्याच्या बागेत परकी जोडपी सकाळचा चहा एकत्र घेतात आणि दुपारी रणथंबोरचा रस्ता धरतात. अमरसिंहांनी एकोणनव्वद खंड लिहिले, आणि ते सारे पतीच्या हातचे आहेत. त्यांच्या पत्नीला काय पाहावेसे वाटत होते, हे तिच्या हातून उतरलेले आपल्यापुढे नाही. आज एखादी मराठी गृहिणी साबी नदीच्या काठी गाडी थांबवावयास सांगते, दुर्बीण प्रथम आपल्या डोळ्यांना लावते आणि रात्री तंबूतल्या दिव्याखाली त्या दिवसाची हकीकत स्वतःच्या वहीत उतरवते, तेव्हा ती सहलीची एक साधी नोंद करीत असते. ती नोंद शक्य व्हावयास शंभर वर्षे लागली, हे तिला ठाऊक असो वा नसो.